माळ्याखालचा टेकू

मी टेकू बोलतोय. भिवंडीत कामतघरला लूमचा एक कारखाना आहे, तिथल्या माळ्याखाली उभा केलेला ऐनाचा खांब. माझ्या डोक्यावर सुताच्या गाठी असायच्या आणि पायाशी माणसं.

जन्म अकलोलीच्या रानातला. अंगाने सरळ होतो म्हणून सरपणात गेलो नाही. केसरीनाथ शेठनी मला बैलगाडीतून आणवलं, बुंध्याला डांबरही न लावता मातीत पुरलं आणि वर माळा चढवला. "लोखंडासारखा हाय," म्हणत माझ्या अंगावर थाप मारली. त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावला नाही.

सत्तरच्या दंगलीला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. लूम पुन्हा चालू झाले होते, पण माणसं नजरेला नजर देत नव्हती. खारबावचा महादू आणि आझमगढचा इद्रीस शेजारशेजारच्या लूमवर होते. एक पाणी प्यायला गेला आणि मागे त्याचा धागा तुटला, तर दुसरा बघायचा आणि मान फिरवायचा. मजुरी कापडावर, दुसऱ्याच्या लूमपाशी हात कोण अडकवणार? माझ्या पायाशी गोदू नावाची बाई यंत्रावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. दिवसभर खोकायची. तिच्याकडेही कोणी बघत नसे.

अशात वाळवीने मला गाठलं. जमिनीतून आली, आवाज न करता. वरून मी होतो तसाच दिसायचो, आतून भुसा होत चाललो होतो. सुताचे भाव चढणार असं कानावर आल्यापासून शेठ गाठींवर गाठी रचत होते. मी करकरायचो. पण लूमच्या खडखडाटात माणसाचं बोलणं माणसाला ऐकू जात नव्हतं, माझं कुठून जाणार?

मग इद्रीसला ताप भरला. लूमपाशीच तो खाली बसला. खोलीवर त्याचं कोणी नव्हतं. त्याचा लूम बंद दिसल्यावर शेठ दुसरा माणूस शोधू लागले. महादूने कोणाला विचारलं नाही. आपल्या लूमबरोबर त्याने इद्रीसचाही लूम चालवला आणि ते कापड इद्रीसच्या नावावर धरायला सांगितलं. संध्याकाळी पेज घेऊन तो इद्रीसच्या खोलीवर गेला. गोदूने कारण विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "एकटा मानूस हाय. मेला तर कोनाला कलनार बी न्हाय."

हळूहळू बाकीचे कारागीरही त्या लूमला आळीपाळीने हात लावू लागले.

इद्रीस बरा होऊन आला तेव्हा त्याने आभार वगैरे मानले नाहीत. शुक्रवारी वीज बंद, कारखाना बंद. नमाज आटोपून तो झाडू घेऊन आला आणि गोदूच्या जागेभोवती साचलेला कापसाचा भुरा काढू लागला. तिचा खोकला तरी कमी होईल, असं त्याला वाटत होतं. पुढच्या शुक्रवारी महादू आला, मग आणखी काहीजण. कोणी बोलावलं नव्हतं, मजुरी मिळणार नव्हती. गोदू त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणू लागली.

लूम बंद असताना माझी करकर पहिल्यांदा कोणाच्या तरी कानावर पडली. इद्रीसने वाकून माझ्या बुंध्यावरचा मातीचा पापुद्रा खरवडला, बोटाने ठोकून पाहिलं. "महादूभाई, ये तो अंदर से खाली है."

त्यांनी शेठना सांगितलं. दिवाळीनंतर बघू, तोवर मालाला हात लावायचा नाही, असं शेठनी बजावलं. गोदूचं यंत्रही तिथेच जमिनीत पक्कं केलेलं. ते हलवायलाही शेठ तयार नव्हते.

तेव्हा कारागिरांनी आपसात ठरवलं. माझ्यावर नजर ठेवायची, आणि एकाने हात वर केला की सगळ्यांनी लूम थांबवायचे. का, ते विचारत बसायचं नाही. मला विश्वास वाटत नव्हता. लूम थांबला की मजुरी थांबते. आणि मी आतून रोज थोडा थोडा ढासळत होतो.

एका दुपारी माळ्यावर आणखी गाठी येऊन पडल्या आणि माझ्या बुंध्यात काहीतरी तुटलं. माळ्यावरची धूळ गोदूच्या केसांवर सांडली. महादूने हात वर केला. त्याचा लूम थांबला, इद्रीसचा थांबला, मग पुढचा, त्याच्या पुढचा. सगळी शेड गप्प झाली. त्या शांततेत माझं फाटणं सगळ्यांना ऐकू आलं. माणसं बाहेर धावली. गोदूला उठता येईना, तिचा पदर यंत्रात अडकला होता. महादूने मला खांदा दिला. इद्रीसने पदर फाडला आणि गोदूला ओढून बाहेर काढलं. मग मी मोडलो. महादू निसटला, पण तुळईने त्याचा खांदा चिरडला.

तो हात पुन्हा लूमवर चालला नाही. शेठ त्याला काढणार, हे कळलं त्या सकाळी कारागीर दाराबाहेर उभे राहिले. इद्रीस म्हणाला, "महादूभाई अंदर आएगा, तब लूम चलेगा." शेठनी महादूला कापड तपासायला बसवलं.

आता मी कुंपणाशी पडलो आहे. उद्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देण्याच्या, भट्टीत जाईन. आत नवा टेकू उभा आहे, त्याच मातीत, डांबराशिवाय. दिवसपाळीचे लोक त्याला ठोकून बघतात. रातपाळीला मात्र शेठनी नवी माणसं घेतली आहेत. कोण कुठला, एकाला एक ठाऊक नाही. शेजारच्याचा धागा तुटला की ते मान फिरवतात.

दिवसपाळीवाल्यांनो, त्यांना एकदा तुमच्यात जेवायला बसवा, हात वर झाला की लूम थांबवायचे हे त्यांनाही सांगा. वेळ फार नाही. आत गाठी चढताहेत, मला ऐकू येतंय.