अर्ध्या बाटलीची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची बाटली आहे आणि, लाजायचं कशाला, चांगलीच भित्री आहे! कारखान्यात पत्र्याला दाबून, ठोकून मला घडवलं, तेव्हापासून कुणी झाकण जरा जोरात पिळलं तरी माझ्या पोटात गोळा येतो.

शाहूपुरीतल्या एका भांड्यांच्या दुकानातून मी उचगावच्या मणेरांच्या घरी आले. थोरल्या अरबाजनं मला मैदानावर मिरवलं. "हिच्यातलं पाणी लई गार!" म्हणत पोरं माझ्यावर तुटून पडायची. मग त्याला नवी रंगीत बाटली मिळाली आणि मी गेले सिलिंडरमागे, झुरळांच्या सोबतीला. तिथून मला बाहेर काढलं धाकट्या उमैरानं. ती पाचवीत. माझ्या पोटावरच्या पोच्यावर तिनं चांदणीचं स्टिकर चिकटवलं आणि मी पुन्हा शाळेत जाऊ लागले.

यंदाच्या रमजानमध्ये उमैरानं आयुष्यातला पहिला रोजा धरला. पहाटे सहेरीला खायचं, मग सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. घरात केवढं कौतुक! दादीनं मोगऱ्याचा हार सांगून ठेवला होता. संध्याकाळी इफ्तारला शेजारीपाजारी येणार होते. पण रोजच्या सवयीनं अम्मीनं मला भरलं आणि रोजच्या सवयीनं उमैरानं मला गळ्यात अडकवलं. मी हादरलेच. रोजची सोबतीण मी, आज तिच्या गळ्यातलं संकट झाले होते!

शाळेत खो-खोचा तास होता. ऊन तर असं की मैदान तव्यासारखं तापलेलं. उमैरानं पळून पळून सगळ्यांना दमवलं, चिंचेखाली येऊन बसली आणि तिचा हात माझ्याकडे आला. अगं नको, नको, नको! मी आतल्या आत ओरडले. पण बाटलीचं कोण ऐकतं? झाकण फिरलं. गटागटा अर्धी संपले मी.

"उमे! रोजा की गं तुझा!" तिची मैत्रीण दीप्ती किंचाळली.

तोंडातलं पाणी उमैरानं भसकन थुंकलं. चेहरा पांढराफटक. "गेला माझा रोजा! आणि दादी हार घालणार हाय गं मला!"

"मी न्हाय कुणाला सांगत, आईशप्पत." दीप्तीनं डबा पुढे केला. "आणि आता मोडलाच हाय तर पुरी खा की. तोंड बघ कसं वाळलंय!"

उमैराचा हात पुढे झाला. भीतीनं मी गारठले. हात परत मागे आला.

"नको. पाणी चुकून गेलं. पुरी चुकून जाणार न्हाय."

शाब्बास, म्हणणार होते मी! तेवढ्यात तिनं मला नळाखाली धरलं आणि काठोकाठ भरलं. अम्मी रोज संध्याकाळी मला विसळते ना, अर्धी दिसले असते तर कळलं असतं. इतकी वर्षं मी पाणी वाहिलं, पण त्या पाण्याइतकं जड काहीच नव्हतं. घरी पोचेपर्यंत मी तिच्या छातीवर आपटत होते आणि तिचं काळीज माझ्यावर.

संध्याकाळी अम्मीनं मला उचललं. संपलं सगळं, मला वाटलं.

"बाटलीला हातसुद्धा लावला न्हाय पोरीनं!" अम्मी सगळ्यांना दाखवू लागली.

"एवढीशी पोर, पण बघा की!" शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या. दादीनं हार उचलला.

उमैरा मागे सरली. "घालू नको, दादी." तिनं अम्मीच्या हातातून मला ओढून घेतलं. "मी प्याले हिच्यातलं. मग नळाचं भरलं."

मला वाटलं, आता तिला मार आणि मला भंगार.

"ठाऊक असून प्यालीस?" दादीनं विचारलं.

"न्हाय. इसरले."

"आठवल्यावर?"

"थुकले."

"मग काय खाल्लंस?"

"दीप्ती पुरी देत होती. न्हाय खाल्ली."

दादी खुदकन हसली. "मग मोडला कुठं गं, येडे? विसरून प्यालं तर ते अल्लानंच पाजलं म्हणायचं. रोजा शाबूत हाय तुझा." मग तिनं उमैराचा कान धरला. "पण नळाचं का भरलंस? रोजा नुसता पोटाचा नसतो. जिभेचा असतो, हाताचा असतो. भूक सोसलीस, आणि खरं सांगायचं तेवढं सोसवंना व्हय?"

"भ्याले मी," उमैरा हुंदका देत म्हणाली.

"मी चतुर्थीला विसरून मूठभर फुटाणे खाल्ले होते," चिमणाबाई हळूच म्हणाल्या. "अजून कुणाला सांगितलं न्हाय."

"आता सांगितलंस की!" दादी म्हणाली आणि सगळ्या हसत सुटल्या.

उमैरानं नळाचं पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. अम्मीनं मला ताजं भरलं. अजान झाली, उमैरानं खजूर तोंडात टाकला आणि मला ओठांना लावलं. दादीनं तिच्या गळ्यात घातलेला हार माझ्यावर टेकला होता, ओला आणि गार.

मित्रांनो, मला रोज विसळत जा, झाकण उन्हात वाळवत जा, सिलिंडरमागे टाकू नका. आणि एक मागणं भीतभीतच मागते. चुकून अर्धी झाले, तर मला अर्धीच घरी न्या. त्याची भीती एका संध्याकाळची असते. काठोकाठ भरून नेलंत, तर रोज कुणीतरी मला उचलेल आणि रोज आपल्या दोघांच्या पोटात गोळा येईल.