पांढरं हेल्मेट

खट्ट करून व्हीसीआरमधून कॅसेट बाहेर आली आणि ऋषीची तंद्री मोडली. इतका वेळ आमचा हा मुलगा पापणी न हलवता साहसाचा सिनेमा बघत होता.

"आई, टोपीवाला साहेब असतो," तो म्हणाला. "कंदीलवाला मागून चालतो. कुणी सांगत नाही, तरी चालतो."

सहा वर्षांच्या पोराला नेमकं कळलं होतं. टोपीवाला बोट दाखवतो, बाकीचे तिकडे बघतात. एकदा झुलत्या पुलावर तो आपली टोपी काढून सोबत्याच्या डोक्यावर ठेवतो, तर मघापर्यंत लटपटणारा सोबती ताठ होतो.

दर रविवारी आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये मोहीम निघे. सोफा डोंगर, पॅसेज नदी. पुढे सुनीती, माझी नणंद. तुर्भ्याच्या कारखान्यात इंजिनीअर, आमच्याकडेच राहायची. तिच्या डोक्यावर कंपनीचं पांढरं हेल्मेट. कारखान्यात पांढरं साहेबांचं, पिवळं कामगारांचं, हे ऋषीला पाठ होतं. माझ्याकडे टॉर्च आणि लाडवांचा डबा.

"आत्या, आता कुठे?" तो तिला विचारायचा. तिच्याकडे बघताना त्याचे डोळे असे व्हायचे, की मला आत काहीतरी चावायचं. तापात तो मलाच बिलगतो, बुटाची नाडी माझ्याकडूनच बांधून घेतो. पण ते डोळे माझ्यासाठी नव्हते. एकदा तरी त्याने माझ्याकडे तसं बघावं, एवढंच हवं होतं.

शेवटी सुनीतीला म्हटलं, "मलाही एक हेल्मेट आण की गं."

"अय्या वहिनी, काय हौस गं तुझी!" ती हसली. पण आणलं. पिवळं.

ऋषी टाळ्या पिटत नाचला. "आई आता खरी कामगार! डबा घे!"

"मला पिवळं नको," मी म्हणाले. आवाज खेळातला राहिला नव्हता.

"वहिनी, पांढरं ज्याच्या त्याच्या नावावर देतात गं. स्टोअरवाला जास्तीचं देत नाही."

"असू दे. तुझं तुला, माझं मला."

सुनीतीने स्वतःचं पांढरं काढून माझ्या डोक्यावर ठेवलं, मागची चकती फिरवून घट्ट केलं आणि पिवळं आपल्या डोक्यावर चढवलं. "चला साहेब," म्हणाली, आणि डबा उचलून माझ्या मागे उभी राहिली.

किती सहज दिलं तिने! त्याचाही राग आला मला. हेल्मेटच्या आत तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. तरी मान ताठ झालीच.

ऋषी गोंधळला. आत्याकडे, माझ्याकडे, पुन्हा आत्याकडे. मग टॉर्च घेऊन हळूच माझ्यासमोर आला आणि मान वर करून बघू लागला. तसंच. अगदी तसंच.

मी बोट उचललं. ते आपसूक स्वयंपाकघराकडे वळलं. मी ते मागे घेतलं.

ऋषी वाट बघत होता.

"आई," त्याने विचारलं, "आम्हाला ठाऊक नाही अशी कुठली जागा तुला ठाऊक आहे?"