उलट लावणारा

ओहायो नदीकाठच्या आमच्या पोलादाच्या गावात दुकासच्या सिगारच्या दुकानामागे फाशांचं टेबल होतं, आणि त्या टेबलावरची काठी माझ्या हातात होती. फेकलेले फासे वाकड्या काठीने ओढायचे, आकडा ओरडायचा, फासे परत सरकवायचे, एवढंच माझं काम. लढाई संपून चार वर्षं झाली होती. कारखाना तिन्ही पाळ्यांत धडधडत होता आणि पगाराच्या शनिवारी पहिली पाळी सुटली की माणसं काजळी न धुताच आमच्याकडे यायची.

बहुतेक सगळे फेकणाऱ्याच्या बाजूने लावायचे. पहिल्याच फेकीत सात किंवा अकरा पडले तर जिंकले. दोन, तीन किंवा बारा पडले तर गेले. मधलं काही पडलं, म्हणजे समजा आठ, तर सात यायच्या आत पुन्हा आठ पडायला हवा. पडला तर जल्लोष. सात आधी आला तर सगळ्यांचे पैसे गेले आणि फासे पुढच्याच्या हातात. तेओफिल बार्ना तेवढा उलट लावायचा. सगळे बुडत तेव्हा तो जिंकायचा, आणि त्यामुळे त्याच्या शेजारी कुणी उभं राहत नसे.

हडकुळा माणूस, बोलणं बेताचं. त्याची रीत ठरलेली. सुरुवात एका डॉलरने. लागोपाठ दोनदा जिंकला तर एक डॉलर वाढवायचा. लागोपाठ तीनदा हरला की टोपी घालून घरी. जिंकलेल्या प्रत्येक डावाला आगपेटीतली एक काडी डाव्या खिशातून उजव्या खिशात जायची. "रविवारी चर्चमधून आला की काड्या मोजत बसतो, माझ्या बहिणीला चूल पेटवायला एक देत नाही," असं सांगून अंद्रो सगळ्यांना हसवायचा.

अंद्रो हुदाक म्हणजे तेओफिलचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, जुझानाचा धाकटा भाऊ. कारखान्यात कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांवर कामाला होता. बैलासारखी मान. जिंकला की सगळ्या टेबलाला बिअर पाजायचा, हरला की आठवडाभर बहिणीकडे जेवायचा.

त्या शनिवारी फासे अंद्रोच्या हातात आले आणि सुटेचनात. सहा लागला, सहा पुन्हा पडला. दहा लागला, दहा पडला. मग आठ. जिंकलेलं सगळं तो तसंच टेबलावर ठेवत होता. त्याच्यामागे माणसं खांद्याला खांदा लावून ओरडत होती. तेओफिल तिन्ही डाव हरला. त्याने टोपी घातली.

"कुठे निघालात, दाजी?" अंद्रो म्हणाला.

"घरी. तीन झाले."

"तीन झाले! आम्ही हरताना तासन्‌तास उभे असता. मी जिंकायला लागलो की तुम्हाला घर आठवतं?"

"बाजूला हो, अंद्रो."

अंद्रोने त्याची कॉलर धरली. "आज माझ्या बाजूने लावा. एकदाच. सगळ्यांसमोर."

"फाशांना तू कोण आणि मी कोण, काय कळतंय? सोड."

"मग उलट लावा! पण लावा! की जुझाना म्हणते तेच खरं? म्हणते, नवरा कसला, चर्चमधला भेकड उंदीर आहे."

माणसं खो खो हसली. जुझाना असं कधी म्हणाली असेल का, मला ठाऊक नाही. तेओफिलचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्याने टोपी काढून काखेत धरली आणि वीस डॉलर अंद्रोच्या विरुद्ध ठेवले. इतकी मोठी रक्कम लावताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

अंद्रोने फेकले. चार.

चार पडणं फार कठीण. सात येण्याची शक्यता त्याच्या दुप्पट, म्हणून उलट लावणाऱ्याने आता आणखी पैसे लावले, तर त्या वाढीव पैशांवर दोनाला एकच मिळतो. तेओफिलने पगाराचे उरलेले चाळीसही त्या वीसच्या मागे लावले. अंद्रोचे दोनशेच्या वर टेबलावर होते, बाकीच्यांचे निराळे. अंद्रोने फाशांवर फुंकर मारली आणि मेव्हण्याकडे बघत फेकले.

"सात!" मी ओरडलो. "गेला डाव!"

दुकासच्या माणसाने सगळ्यांचे पैसे ओढले आणि तेओफिलसमोर वीसचे वीस आणि चाळीसचे वीस, असे चाळीस डॉलर सरकवले. तेओफिलने सवयीने खिशात हात घालून एक काडी काढली.

त्या काडीनेच घात केला. अंद्रो टेबलावरून आडवा झेपावला आणि पितळेचा ॲशट्रे त्याने तेओफिलच्या जबड्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी काठीभर अंतरावरून ऐकला. हिरव्या कापडावर दोन दात पडले. तेओफिल खाली कोसळला तसे बाकीचेही तुटून पडले. इतक्या शनिवारांचा राग होता. लोखंडी टाचांचे बूट त्याच्या बरगड्यांत बसत होते. मी काठीने मागे सारायला गेलो, तर काठी हिसकावून कुणीतरी माझ्याच पाठीवर मोडली.

मग क्रेब्ज आला. दुकासचा दारावरचा माणूस. टेबलावर मारामारी झाली की पोलिसांचा हप्ता वाढतो, म्हणून क्रेब्ज मारामारी करणाऱ्याला आयुष्यभराची अद्दल घडवायचा. त्याने अंद्रोला केसांना धरून मागच्या कोळशाच्या अंगणात नेलं आणि शिसं भरलेल्या कातडी पट्ट्याने झोडपायला सुरुवात केली. अंद्रो गुडघ्यांवर आला, मग तोंडावर. तरी क्रेब्ज थांबेना. मानेवर, मूत्रपिंडांवर, पुन्हा मानेवर.

मी दारात उभा होतो. माझ्या शेजारून तेओफिल गेला. जबडा लोंबत होता, शर्टची छाती लाल. वाटेत त्याने कोळशाचं फावडं उचललं. बोलता येत नव्हतं, म्हणून काही न बोलताच मागून क्रेब्जच्या खांद्यावर फावड्याची धार घातली. क्रेब्ज वळला, तशी दुसरी कानावर. तो कोळशावर पडला आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून भलत्याच दिशेला वळला. तेओफिलने फावडं टाकलं, मेव्हण्याच्या काखेत हात घातले आणि दोघं एकमेकांना ओढत फाटकाबाहेर गेले.

संध्याकाळी दुकासने मला विचारलं, "फावडं कुणी मारलं?"

"पाहिलं नाही."

"हरकत नाही. माझ्या माणसाचा हात गेला. मला एक हात पाहिजे. उद्या बार्नाच्या घरापासून सुरुवात करू."

ही बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी, चर्चच्या घंटा चालू असताना, अंद्रो दुकानात आला. एक डोळा पूर्ण मिटलेला.

"मी मारलं फावडं," तो म्हणाला.

"क्रेब्ज म्हणतो, तू त्याच्या पायाखाली होतास."

"क्रेब्जला मागे डोळे आहेत?"

दुकासने टेबलावरचे फासे बाजूला सारले. "मला खरं-खोटं करायचं नाही. उजवा ठेव."

अंद्रोने हात टेबलाच्या कडेवर ठेवला. क्रेब्जच्या भावाने नळाचा पाइप आणला होता. पहिल्या घावाला अंद्रो ओरडला, दुसऱ्याला शिव्या दिल्या, तिसऱ्याला ओकला. चौथ्यानंतर दुकासनेच "पुरे" म्हटलं.

मंगळवारी मी तेओफिलचे चाळीस डॉलर आणि टेबलावर राहिलेले त्याचेच साठ घेऊन त्याच्या घरी गेलो. दार जुझानाने उघडलं. पैसे न मोजता तिने एप्रनच्या खिशात टाकले.

"काठीवाला ना तू? ये आत. जेवून जा."

स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसले होते. तेओफिलचा जबडा तारांनी बांधलेला, अंद्रोचा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. एकाला चावता येत नव्हतं, दुसऱ्याला चमचा धरता येत नव्हता. जुझाना एका हाताने नवऱ्याच्या ओठांत नळी धरून कोबीचं सूप पाजत होती, दुसऱ्या हाताने भावाला हालुश्कीचे उकडलेले पिठाचे गोळे भरवत होती, आणि दोघांनाही शिव्या घालत होती.

"माझं नाव घेऊन उंदीर म्हणालास? मी म्हणाले होते असं?"

"नाही गं, ताई. सुचलं ते बोललो."

"सांग त्याला."

अंद्रोने मान वर केली. त्याने तोंडातला घास गिळला.

"दाजी, ती तसं म्हणाली नव्हती."

तेओफिलने नळी तोंडातून काढली. तारांमधून काहीतरी पुटपुटला. आम्हा कुणालाच कळलं नाही. मग त्याने मीठदाणी उचलली, अंद्रोच्या ताटलीवर झटकली आणि पुन्हा नळी तोंडात घेतली.