दीड इंच

“काका, जरा डावीकडे सरकता का? फ्रेममध्ये येताय तुम्ही.”

सांबप्पा डावीकडे सरकला. दोनच मिनिटांत दुसरीकडून आवाज आला, “ओ काका, तिथं नको, आता माझ्या फ्रेममध्ये आलात.” सांबप्पा तिथूनही हलला. बेट ते केवढं! धरण भरल्यावर पाण्याच्या वर राहिलेली एक टेकडी, तिच्यावर काळ्या दगडाचं देऊळ, दोन कडुलिंब आणि आज आठ कॅमेरे. माणसाने सरकून सरकून जावं तरी कुठं? शेवटी तो नंदीच्या मागे जाऊन बसला. तिथं मात्र कुणी हरकत घेतली नाही.

एरवी त्याला याचं काही वाटलं नसतं. बेलेश्वराच्या या देवळावर पुरातत्त्व खात्याने त्याला तेहतीस वर्षांपूर्वी रोजंदारीवर राखणदार नेमला आणि रोजंदारीवरच तो म्हातारा झाला. सकाळी बेलखेडीहून सूर्यभानच्या होडीतून यायचं, झाडलोट करायची, खांबांवर नावं कोरणाऱ्या प्रेमवीरांना दम द्यायचा आणि पाहुण्यांनी सांगितलं की बाजूला व्हायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण आज त्याच्या सदऱ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक जुना फोटो होता आणि तो कुणाला तरी दाखवायचाच, असं ठरवून तो घरून निघाला होता. मार्चअखेर त्याची नोकरी संपत होती. त्यानंतर त्याचं ऐकायला कुणी उरणार नव्हतं. आत्ता तरी कोण ऐकत होतं म्हणा.

देऊळ खचत होतं. आणि हे एकट्या सांबप्पाला ठाऊक होतं.

आजची मंडळी परभणीच्या शिवरंजनीने आणलेली. ही पोरगी ‘डोंगर आणि बेटं’ नावाची फोटोंची सहल काढते. माणसं आठच, दिवस तीन. काल जिंतूरकडचे डोंगर झाले होते, आज बेट. जेवणाचं काम तिने सांबप्पाच्या बायकोला, गौराबाईला दिलं होतं. त्यामुळे कडुलिंबाखाली तीन दगडांची चूल पेटली होती आणि धपाट्यांचा वास सुटला होता. पुण्याच्या एका बाईंनी त्या धुराचेच वीस फोटो काढले. गौराबाई डोळे चोळत म्हणाली, “बाई, घरी गॅस हाय माझ्याकडं. हितं सिलेंडर कोन आननार?”

तो सदऱ्यातला फोटो भूकंपाच्या सालातला. किल्लारीकडची गावं पडली, तेव्हा जुनी देवळं तपासायला खात्याचे एक साहेब बेटावर आले होते. फोटोत उंची कळावी म्हणून आणलेली लाल-पांढरी पट्टी ते गडबडीत काठावरच विसरले. मग त्यांनी खिशातल्या टेपाने सांबप्पालाच मोजलं आणि देवळाच्या मागच्या कोपऱ्याशी, खडकावर उभं करून फोटो काढला. त्याची एक प्रत सांबप्पालाही दिली. मागे शाईने लिहिलं : ‘व्यक्तीची उंची ५ फूट ६ इंच.’ तिथं भिंतीवर कोरलेल्या हंसांची एक ओळ आहे. त्यातल्या कोपऱ्याच्या हंसाची चोच बरोबर सांबप्पाच्या कानाच्या पाळीला टेकली होती.

पुढे दर चार-पाच वर्षांनी कुणी ना कुणी साहेब यायचा, सांबप्पाला त्याच जागी उभा करायचा आणि जुन्या फोटोशी ताडून पाहायचा. चोच कानाच्या पाळीशीच. शेरा पडायचा : ‘बदल नाही.’ गावात सांबप्पा छाती काढून सांगायचा, “मी सरकारी माप हाय!” लोक हसायचे, पण तो कधी चपला घालून त्या जागी उभा राहिला नाही. टोपीही काढून ठेवायचा. माप म्हणजे माप.

मागच्या दिवाळीनंतर त्याची पाठ धरली. परभणीला दवाखान्यात गेला, तर सुकेशनी सिस्टरने आधी उंचीच्या पट्टीखाली उभं केलं आणि कागदावर लिहिलं : पाच फूट साडेचार.

“सिस्टर, तुमची पट्टी चुकायलीय,” सांबप्पा म्हणाला. “मी पाच-सहा हाय. सरकारी कागद हाय माझ्याकडं.”

“मामा, वय झालं की मणके दबतेत. समदेच आखूड व्हतेत. पट्टीला कशाला दोष देता?”

तो चडफडतच एसटीत बसला. बोरीच्या पुढे गाडी आली आणि तो एकदम ताठ झाला. आपण दीड इंच खाली आलो. आणि हंसाची चोच? ती तर परवासुद्धा कानाच्या पाळीशीच होती! म्हणजे हंसही तेवढाच खाली आला. खडक काही हलत नाही. हललं ते देऊळ. दोघं बरोबरीने खचले, म्हणून कुठल्याच फोटोत दिसलं नाही. शेजारच्या माणसाने विचारलं, “काय झालं, मामा?” सांबप्पा आपल्या कानाची पाळी चाचपत होता.

त्याने अर्जी लिहून घेतली आणि कचेरीत नेऊन दिली. ‘माझी उंची दीड इंचाने कमी झाल्यामुळे देऊळ दीड इंच खचल्याचे दिसून येत आहे.’ कारकुनाने ती मोठ्याने वाचली आणि सगळी कचेरी पोट धरून हसली. एकाने विचारलं, “सांबप्पा, तुमचं वजनबी उतरलं आसंल की! मंग देऊळ हलकं झालं का?” साहेब भला माणूस. त्याने हसू दाबून फायलीतले जुने फोटो काढून दाखवले. “हे बघा, तीस वर्षांत सुतभर फरक नाही. आता आराम करा. तुमच्या जागी नवीन माणूस येतोय.” नवीन माणूस पावणेसहा फुटांचा होता. त्याच्या कानाशी कुठला हंस येणार? म्हणजे मापच मोडलं. सांबप्पा त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरला तो खाली मान घालून.

“मला एक माणूस हवाय,” देवळाच्या मागून आवाज आला. “नुसत्या दगडांच्या फोटोत उंची कळत नाही.”

बोलणारे दिनकरराव. सत्तरीचे, सडपातळ. आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनिअर. आठ जणांत तिवईवर कॅमेरा लावून सावकाश काम करणारे ते एकटेच.

शिवरंजनीने हाक मारली, “सांबप्पा मामा, तुमी उभं ऱ्हाता का जरा?”

सांबप्पा नंदीमागून उठला. कुठं उभं राहायचं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने खडकाशी जाऊन चपला काढल्या, टोपी काढली, डोक्यावरचे चार केस हाताने चापून बसवले आणि टाचा जोडून कोपऱ्याशी उभा राहिला. धुराचे फोटो काढणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, “किती श्रद्धा बघा ना!”

फोटो झाला. दिनकररावांनी वही काढली. “उंची साधारण साडेपाच फूट लिहितो.”

“न्हाई साहेब. पाच फूट साडेचार इंच लिवा. पैले पाच-सहा व्हती. त्याच्यातच समदा घोळ हाय.”

“झालं सुरू!” चुलीपासून गौराबाई ओरडली. “आवं, पाव्हन्यायला जेवू तर द्या आधी. चार महिने झाले, कुनी घावलं की ह्येच सांगायलेत.”

पण सांबप्पाने सदऱ्यात हात घातला. त्याने फोटो दाखवला, सिस्टरची पट्टी सांगितली, हंस सांगितला. घसा कोरडा पडला तरी तो सांगत राहिला. मंडळी भोवती जमली. एक जण हसला आणि बायकोने डोळे वटारल्यावर गप्प बसला. दिनकरराव हसले नाहीत. त्यांनी फोटो उन्हात धरला, चष्मा वर केला आणि खूप वेळ पाहिल्यावर विचारलं, “तुम्ही तेव्हा खरंच पाच-सहा होतात, हे कशावरून? साहेबाच्या मोजण्यात चूक असेल तर?”

हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. लोक हसून मोकळे झाले होते. तो म्हणाला, “मागं लिवलेलं हाय, साहेब. आनखी काय दावू?”

दिनकररावांनी पिशवीतून पोलादी टेप काढला. “हे टोक धरा.” त्यांनी भिंतीतल्या एका दगडाच्या थराची जाडी मोजली. अकरा इंच. खालचा थर मोजला, वरचा मोजला. अकराच. मग जुन्या फोटोवर कागदाचा कपटा ठेवून, त्यावर पेन्सिलने खुणा करत सांबप्पाच्या टाचेपासून टाळूपर्यंत किती थर भरतात ते बघितलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

“सहा,” ते म्हणाले. “अकरा सक सहासष्ट. पाच फूट सहा इंच बरोबर. माणूस आखडतो, सांबप्पा, दगड नाही आखडत.” मग त्यांनी आजच्या सांबप्पाला मोजलं. हंसाची चोच खडकापासून किती वर आहे तेही मोजलं आणि जुन्या फोटोतल्या उंचीशी ताडलं. टेप सर्रकन आत गेला. “दीड इंच. तुमचं बरोबर आहे. हा अख्खा कोपरा खाली गेलाय.”

दिनकररावांनी वाकून देवळाच्या कोपऱ्याखालचा मुरूम बोटांनी उकरला, तो पिठासारखा सुटला. “पावसाळ्यात लाटा इथपर्यंत येतात ना? त्या हा मुरूम खातायत. कोपरा एकसंध बसतोय म्हणून चीर दिसत नाही. जेव्हा दिसेल, तेव्हा उशीर झालेला असेल. मी आजच अहवाल लिहितो. दोन्ही फोटो जोडतो. खाली आम्ही सगळे सह्या करू. ते कधी हलतील ते मी सांगू शकत नाही, पण यावर त्यांना हसता येणार नाही.”

सांबप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने लपवलंही नाही. देऊळ वाचेल की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. पण आपण येडे नाही, एवढं आज चार माणसांसमोर सिद्ध झालं, आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि नंतर दिनकररावांना हात जोडले.

गौराबाई परात बाजूला ठेवून आली होती. पिठाचे हात पदराला पुसत तिने विचारलं, “म्हंजी मान्सं खरंच आखूड व्हतेत व्हय?”

“सगळीच होतात, बाई.”

“मंग मी कशी न्हाई झाले?” तिने हसत विचारलं. “लगनात ह्यांच्या खांद्याला लागत व्हते. आजबी खांद्यालाच लागते की! बगा.” आणि ती खरोखरच त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, चोख खांद्याशी डोकं लावून.

मंडळी हसायला लागली आणि एकेक करून थांबली. दिनकरराव टेपाकडे बघत राहिले. सांबप्पा तर हललाच नाही. जे गणित त्याने चार महिने कारकुनांना, साहेबांना, होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला घसा फोडून समजावलं होतं, ते त्याच्या खांद्याशी उभं होतं. पाण्याची घागर उचलताना पाठीत कळ येते, असं ती दोन वर्षं सांगत होती. तो म्हणायचा, वय झालं. परभणीच्या दवाखान्यात तो गेला, तेव्हाही तिला घेऊन गेला नव्हता. भिंतीतल्या दगडाचं दीड इंच त्याला एसटीत बसल्या-बसल्या उमगलं आणि रोज हातावर भाकरी ठेवणाऱ्या बाईचं उमगलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

“चपला काढ,” तो म्हणाला.

“काहून?”

“काढ म्हनलं ना, गौरे.”

तिने चपला काढल्या. सांबप्पाने तिच्या डोक्यावरचा पदर तळहाताने दाबून बसवला. दिनकररावांनी टेप धरला. “चार फूट सहा.”

“आन् पैले किती व्हते?” तिने विचारलं.

तिला आजवर कुणी मोजलं नव्हतं. लग्नात फोटो काढणारा आला नव्हता, दवाखाना म्हणजे तिच्यासाठी बाळंतपणं, आणि ती घरीच झाली. तिची पहिली उंची कुठल्याच कागदावर नव्हती. दिनकररावांची पेन्सिल वहीवर थांबून राहिली.

“चार फूट साडेसात लिवा, साहेब,” सांबप्पा म्हणाला. “मापाला मी हाय.”

दिनकररावांनी लिहिलं. नाव विचारून तेही लिहिलं, गौराबाई सांबप्पा. तिने ते वाचून दाखवायला लावलं आणि मान डोलावली. मग धपाटे करपतील म्हणून ती वळली, तेव्हा सांबप्पा खाली वाकला. त्याची पाठ कळवळली. तरी त्याने तिच्या चपला उचलल्या आणि सगळ्यांसमोर तिच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.