पेपरकडून बोलतेय

"मी पेपरकडून बोलतेय, दादा. बोलशील ते छापलं जाईल."

"छापा, बाईसाहेब, छापा," दादा, तिचा भाऊ, फोनच्या पलीकडून हसला.

तळ्यात पुन्हा मासे मेले होते. वर रंगाचा कारखाना, खाली तळं, तळ्याला लागून वस्ती आणि तिच्या बोअरवेल. आई दादाकडे, त्याच वस्तीत राहायची. पेपरातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ही बातमी तिने इतक्यांदा लिहिली होती, की वाक्यं बोटांना पाठ झाली होती. सकाळी काठावर उभी राहिली तेव्हा तिला वासही आला नाही. नाकाला रुमाल बाकीच्यांनीच लावले.

पूर्वी याच कारखान्याच्या फाटकासमोर ती आणि दादा उन्हात ठाण मांडून बसले होते. घोषणा दादा द्यायचा. परमेश्वराने गळाच असा दिला होता, की बंदोबस्ताचे पोलीसही हातातला चहा विसरून ऐकत राहायचे. पुढे आंदोलन विरलं. ती पेपरात आली. पहिल्याच दिवशी संपादकांनी बजावलं होतं, "इथे घोषणा नाहीत. दोन्ही बाजू घ्यायच्या, आणि घेतलेलं वाक्य बोलणाऱ्याला परत वाचून दाखवायचं." ते तिने आजवर पाळलं होतं. दादाला त्याच कारखान्याने गळ्यासकट उचललं आणि प्रवक्ता केलं.

"लोकांनी हे पाणी पिऊ नये, एवढं एक वाक्य दे," ती म्हणाली. "कारखान्यानेच म्हटलं तर बोअर लगेच बंद होतील. नाहीतर तपासण्या चालत राहतील आणि लोक पीत राहतील."

"वेडी आहेस का? लिही. सर्व नियमांचं काटेकोर पालन होतं. पाणी पिण्यायोग्य आहे."

तिने लिहून घेतलं. राग यायला हवा होता, आला नाही. लिहिता लिहिता सवयीने विचारलं, "आई कशी आहे?"

"मजेत. कुरकुरते नुसती. बाटलीतल्या पाण्याला चव नाही म्हणते."

"बाटलीतलं का?"

"अगं, आपल्या बोअरचं आता कसं देऊ तिला? महिना झाला, मी विकतचंच..."

दादा थांबला.

"ए, हे छापायचं नाही हं. हे भावाने बहिणीला सांगितलं."

"फोन उचललास तेव्हाच सांगितलं होतं मी."

"आईचं विचारलंस ना तू!"

तेही खरं होतं. तिने खरोखर आईचंच विचारलं होतं. वस्तीतल्या बाया आत्ता संध्याकाळचं पाणी भरत असतील. तिने नेहमीच्या आवाजात वाचून दाखवलं, "पाणी पिण्यायोग्य आहे, असं प्रवक्ते म्हणाले. मात्र बोअरचं पाणी आपण आईला देत नाही, महिनाभर विकत आणतो, असंही त्यांनी सांगितलं. बरोबर?"

पलीकडे नुसता पंखा घरघरत राहिला. तो 'नाही' एवढंच म्हणाला असता, तर तिने ती ओळ खोडली असती. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"आईला कशाला ओढतेस त्यात?" तो शेवटी म्हणाला. "'घरच्यांना' कर."

तिने केलं.

"आता बरोबर आहे."

"नोकरी जाईल, दादा."

"ते नको वाचून दाखवूस."

संपादक खूश झाले. "मथळा हाच!" म्हणत स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले.

दुसऱ्या दिवशी बोअरना सील लागलं, वस्तीत टँकर आले. "झाडवालीने मैदान मारलं बुवा," ऑफिसातले म्हणाले. झाडं-पाण्याच्या बातम्या करते म्हणून ते तिला झाडवालीच म्हणायचे. ती हसल्यासारखं करून बाहेर जिन्यात आली आणि दादाला फोन लावला. आईने उचलला.

"झोपलाय गं तो. उन्हं डोक्यावर आली तरी झोपलाय. असा कधी झोपत नाही. हात लावून बघितलं, ताप नाही. उठवू का?"

"नको. झोपू दे."

"भांडलात का तुम्ही?"

"नाही गं, आई."

"बरं बाई. देव सुखी ठेवो दोघांना."

आईने फोन खाली ठेवला, पण बंद करायचा राहिला. ती जिन्यात उभी राहून ऐकत राहिली. सपाता घासत गेल्या, खिडकीचा पडदा सरकला. मग आईने दादाच्या खोलीचं दार जपून, अगदी हळू ओढून घेतलं.