अठरा फुटी गाळा

नियम सगळ्यांना सारखा असतो असं जो म्हणतो, त्याला मी एकदा चिरगाँवच्या पुढच्या तलावावर, तिथल्या धक्क्यावर नेऊन उभं करणार आहे.

आमच्या ह्यांनी रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं मालगाडीचे डबे तपासले. निवृत्त झाल्यावर लोकांना काशीयात्रा सुचते, ह्यांना मोटरबोट बांधायचं सुचलं. प्रेम नगरात, घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर तीन वर्षं ठोकाठोक चालली. सगळी गल्ली हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण बोट झाली ती अशी देखणी झाली की हसणारेच पोराबाळांना घेऊन बघायला येऊ लागले.

तलावावरच्या बोट क्लबने ह्यांना धक्क्याला एक गाळा दिला होता. गाळा म्हणजे दोन लाकडी फळ्यांच्या मधली पाण्यातली जागा, अठरा फूट लांब. बोटही अठरा फूट, तसं ह्यांनी फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलेलं. त्या जागेवर आमचं सगळं अवलंबून होतं, कारण शेजारच्या प्लॉटवर आता मालकाने पाया खणायला घेतला होता. गाळा गेला तर बोट परत न्यायची कुठे? विकायचीच.

रविवारी सकाळी बोट पाण्यात उतरली तेव्हा माझे डोळे भरून आले. ह्यांनी ती अलगद गाळ्यात घातली. नाक पुढच्या फळीला टेकलं. मग उभ्या बोटीची करतात तशी ह्यांनी मागची मोटर पाण्यातून वर उचलली, आणि तिचा पंखा दोन फूट बाहेर आला, थेट दुसऱ्या बोटींच्या वाटेत. क्लबचा देखरेख करणारा जयसिंग टेप घेऊन आला. वीस फूट. दुपारपर्यंत बोट काढा म्हणाला, यादीतला पुढचा माणूस थांबलाय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्याच गाळ्यात क्लबच्या सेक्रेटरींची पांढरी बोट होती, तिचं बूड चांगलं चार फूट वाटेत आलेलं. मी ती दाखवली तर जयसिंग म्हणतो, "वो साहब की है, भाभीजी." जणू साहेबांच्या बोटीला लांबीच नसते. मी त्याला सोडला नाही. चार फूट चालतात तर दोन का नाही चालत, फॉर्मवर बोटीची लांबी विचारली होती की मोटरची, सगळं विचारलं. हिंदीत भांडताना मला जरा जास्तच जोर चढतो. आणि आमचे हे? मूग गिळून उभे.

मग मी ह्यांच्यावरच घसरले. तेव्हा कुठे तोंड उघडलं. "डब्याची लांबी टोकाला बाहेर आलेल्या बफरपासून बफरपर्यंत मोजायची, नुसतं खोकं मोजायचं नाही. तीस वर्षं नव्या माणसांना हेच ओरडून सांगितलं मी. आणि स्वतःच्या बोटीचं खोकं मोजून मोकळा झालो. चूक माझी आहे."

चूक गेली चुलीत, म्हटलं मी, बोट जाते आहे त्याचं काय?

ह्यांनी खिशातून खडू काढला. नोकरी सुटून चार वर्षं झाली, खडू काही सुटलेला नाही. नापास डब्यावर मारायचे तशी एक मोठी फुली आमच्या बोटीच्या कुशीवर मारली. मग जयसिंगच्या हातातली टेप घेतली आणि सगळा धक्का मोजत सुटले. अकरा बोटी होत्या. आमची धरून सातांवर फुली पडली. पांढऱ्या बोटीवरची सगळ्यात मोठी, आणि शेजारी आकडा, बावीस.

जयसिंगचा चेहरा उतरला. साहेब जेवणाआधी धक्क्यावर चक्कर मारतात, हे त्याने दोनदा सांगितलं. ह्यांच्याशी बोलून उपयोग नाही हे कळल्यावर ओला गमछा घेऊन माझ्याकडे आला. "सब मिटा देते हैं, भाभीजी. आपकी वाली भी. नाव यहीं रहेगी, बस बाबूजी से कहिए चुप रहें."

सकाळपासून मी ह्याच्यासाठीच तर घसा फोडत होते. मी हो म्हटलं असतं तर हे गप्पही बसले असते, इतका जीव त्या बोटीत होता. आणि तेव्हा मला कळलं की मी न्याय मागतच नव्हते. साहेबांना मिळते ती सूट मला हवी होती. मला जयसिंगचा राग आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

मी त्याच्या हातातला गमछा काढून घेतला. "भैया, पहले हमारी निकलवाओ," मी म्हटलं. "फिर ये छह निकलेंगी. हम यहीं बैठकर देखेंगे."

ह्यांनी दोर सोडला. मी पांढऱ्या बोटीसमोर, धक्क्यावरच फतकल मारून बसले.