खालची रेघ

अंध मुलांची पुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्याच्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि ताईचा तिथला आज तिसरा दिवस होता. धाकट्या भावाचा जुना संगणक कायमचा आडवा झाला होता, आणि ठिपके उठवणारं यंत्र त्यावरच्या प्रोग्रॅमशिवाय कुणाचं ऐकेना. परीक्षा आठ दिवसांवर, मुलांच्या हाती एक पान नाही. म्हणून ताई नव्या संगणकाच्या पोटात जुन्याची हुबेहूब नक्कल उभी करत होती.

जुना प्रोसेसर मेमरीचे तुकडे पाडायचा. त्यांना म्हणायचं सेगमेंट. प्रत्येकाला मर्यादा; ती ओलांडली की प्रोग्रॅमला तिथंच धरायचं. ताईने जाडजूड पुस्तकं वाचून हे सगळं जमवलं होतं. पण प्रोग्रॅम अर्धी ओळ ठोकायचा आणि धरला जायचा. काय बिघडलं ते सांगायला उठायचा, तर तिथेही धरला जायचा. पडद्यावर एकच वाक्य: मर्यादा ओलांडली.

"सासरी ऐकलं तेवढं पुरे नव्हतं," ताई पुटपुटली.

भाऊ दारात आला. "ताई, यंत्रात तेल तू घातलंस?"

"हो. रेघेच्या खालीच ठेवलंय, काळजी नको."

"अगं, खाली काय! त्या रेघेच्या वर हवं. खाली गेलं की यंत्र संपलं!"

"मग तसं लिहायचं ना! नुसती रेघ ओढलीस. मी काय मनकवडी आहे?"

"आजवर कुणी विचारलं नाही."

"आजवर तूच तर घालतोयस, शहाण्या!"

बोलता बोलता ताई थबकली. पुस्तकातला एक परिच्छेद तिने सोडून दिला होता: एका जातीचा सेगमेंट उलटा. त्यात मर्यादेच्या खालची जागा बंद, वरची मोकळी. असलं कोण वापरतंय, म्हणून तिने पान उलटलं होतं. आणि हा म्हातारा प्रोग्रॅम आपल्या चालू कामाच्या नोंदी नेमक्या तसल्याच सेगमेंटात ठेवत होता. त्याने मोकळ्या जागेत पाऊल टाकलं की ताईची नक्कल त्याची मानगूट पकडत होती.

तिने त्या एका जातीपुरती अट फिरवली.

ठक. ठक. एक ओळ, दुसरी, तिसरी. अर्ध्या पानावर यंत्र थांबलं. ताई पुन्हा पडद्याकडे वळली.

"कागदाची गुंडाळी संपलीय गं," भाऊ म्हणाला.

त्याने नवी गुंडाळी लावली आणि पहिलं अख्खं पान निघालं. मुद्रितं तपासणाऱ्या मावशींनी त्यावरून बोटं फिरवली. "चूक नाही. चालू द्या."

"चारशे पानं आहेत," भाऊ खुर्ची पुढे सरकवत म्हणाला. "मध्येच अडलं तर? तू थांबतेयस ना?"

ताईने दाराकडे पाहिलं. "निदान चहा तरी बाहेर घेऊ दे."

"कशाला उठतेस? इथंच आणतो की."